पाळणा-कबर: एका हंगामाच्या नोंदी

९ मार्च

वाफा ताब्यात आला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, चारी बाजूंनी संगमरवराची कड. डोक्याशी कमानदार शिळा, पायाशी तिची बुटकी जोडीदारीण. मधे माती आणि गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत. लांबून पाहिलं तर कुणीतरी पलंग उन्हात काढून ठेवलाय असं वाटतं. इंग्रजीत मात्र हिला पाळणा-कबर म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "बाळाची आहे का गं?" बाळाची नाही. शिळेवर वाचता येतो तो एकच शब्द, 'मदर'. खालच्या ओळी विरघळून गेल्यात.

आईचा दुसरा प्रश्न, "आणि मसणात कसलं गं बागकाम? आल्यावर डोक्यावरून अंघोळ केलीस ना?" केली होती. माती तेवढी अंगभर झालीच होती.

नोंदीपुरतं: दफनभूमी पेन्सिल्व्हेनियातली, १८४०च्या दशकातली. अशा कबरींच्या मधल्या मातीत घरचे लोक फुलं लावत, सुटीच्या दिवशी येऊन पाणी घालत. घरचे लोक संपले आणि गवत माजलं. आता स्वयंसेवकांना एकेक कबर सांभाळायला देतात. अट एकच, १९०० च्या आधी इथल्या बागांत असलेलीच झाडं लावायची.

१६ मार्च

मधोमध चार बोटं खोल खड्डा होता. आमचे मुख्य माळी म्हणाले, जुन्या कबरीला हे व्हायचंच. लाकडी पेटी कुजते, झाकण खचतं, वरची माती बसते. एकोणिसाव्या शतकातल्या कबर खणणाऱ्याचं निम्मं काम खणण्याचं आणि निम्मं हे असं, पाऊस पडून गेला की खचलेल्या कबरी शोधून भरत फिरण्याचं. म्हणून सुरुवातीला मातीचा उंचवटा ठेवत. पुढे गवत कापताना तोच उंचवटा आडवा यायला लागला.

पाच घमेली माती, दोन घमेली कुजलेल्या पाल्याचं खत. खाली पिवळी चिकणमाती आहे, फावडं लागलं की खणखणत नाही, नुसतं रुतून बसतं. अजून वीतभर खाली गारठा आहे. थंडीत इथली जमीन दगडासारखी गोठते. तेव्हा खणणं अशक्य म्हणून टेकडीच्या पोटात एक खोली केलेली असे, लोखंडी दाराची. हिवाळ्यात गेलेल्यांच्या पेट्या वसंत येईपर्यंत तिथे थांबत. आमच्याकडे ती खोली अजून आहे. आता तिच्यात झाऱ्या, नळ्या आणि आमचं खत.

२३ मार्च

दिवसभर पाऊस. वाफ्यावर जाता आलं नाही, म्हणून वाचन. या सगळ्या बागेसारख्या दफनभूमींची अमेरिकेतली थोरली बहीण म्हणजे बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न. तिच्याविषयी इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे वाफ्यावर जे जे दिसेल त्याची मुळं तिथे आहेत.

बॉस्टनमधली चर्चभोवतालची दफनं तोपर्यंत एकावर एक रचल्यासारखी झाली होती. दुर्गंधीतून रोग पसरतो असा त्या काळचा वैद्यकीय समज. जेकब बिगेलो हा डॉक्टर, आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. त्याने १८२५ साली आपल्या घरी चार मंडळींना बोलावून शहराबाहेर, झाडीत दफनभूमी करण्याची कल्पना मांडली. पॅरिसचं पेर लाशेझ हे तसंच दफन-उद्यान १८०४ पासून चालू होतं, नमुना समोर होता. पण बॉस्टनमध्ये घोडं अडलं ते पैशावर. मार्ग निघाला १८२९ साली स्थापन झालेल्या मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटीमुळे. बागवाल्यांना प्रयोगाची बाग हवी होती, बिगेलोला दफनभूमी. दोघांनी मिळून ७२ एकरांची टेकाडं आणि तळी असलेली जागा घेतली. किंमत ६,००० डॉलर. हिशोब मला फार आवडला: ३०० चौरस फुटांचा एक लॉट, म्हणजे एका कुटुंबाच्या दफनाचा तुकडा, ६० डॉलरला, आणि असे १०० लॉट घेणारे मिळाले तरच व्यवहार पुरा करायचा. म्हणजे पहिल्या शंभर कुटुंबांनी स्वतःच्या मरणाची आगाऊ नोंदणी करून सगळी टेकडी विकत घेतली. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्था अशाच उभ्या राहतात.

२४ सप्टेंबर १८३१ ला एका नैसर्गिक खळग्यात समारंभ झाला, न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांचं भाषण झालं. आखणी हेन्री डिअरबॉर्न आणि सर्वेक्षक अलेक्झांडर वॉड्सवर्थ यांची. रस्ते सरळ न काढता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळवले. गाडीरस्त्यांना झाडांची नावं, पायवाटांना फुलाझुडपांची. प्रवेशद्वार इजिप्शियन थाटाचं, पण १८३२ साली ते बांधलं लाकडाचं आणि रंगावर वाळू मारून ग्रॅनाइटचा आभास केला. खरं ग्रॅनाइट आलं दहा वर्षांनी, १८४२ साली, तिजोरीत थोडी भर पडल्यावर. नाटकमंडळींच्या पडद्यावरचा राजवाडा आठवला.

बागवाले आणि दफनवाले यांचा संसार चार वर्षं टिकला. १८३५ साली काडीमोड झाला, अटी हिशोबी: लॉटविक्रीतून वर्षाचे १,४०० डॉलर खर्चापोटी बाजूला काढायचे, उरलेल्याचा चौथा हिस्सा बागायती संस्थेला. त्या १,४०० च्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. रस्ते, गटारं, कुंपण, माणसं, सगळं त्यात. आणि हा पैसा कशातून येणार? नवे लॉट विकून. लॉट संपले की?

६ एप्रिल

पॅन्सीची १८ रोपं, कडेने व्हिन्का. व्हिन्का ही आपल्या सदाफुलीची चुलत बहीण, पण जमिनीवर सरपटणारी आणि बर्फाखालीही हिरवी राहणारी. जुन्या दफनभूमीत ती इतकी लावली गेली, की जंगलात मधेच तिचा गालिचा दिसला तर खाली कबरी असाव्यात असं इथले जाणकार समजतात. पाणी दोन झाऱ्या.

२० एप्रिल

शिळा धुण्याचं शिक्षण. शिळेवर राखाडी-हिरवे पापुद्रे होते, कडा कुरळ्या. हात लावल्याबरोबर ओळख पटली: दगडफूल! गोड्या मसाल्यासाठी आजी ज्याची पुडी वाण्याकडून आणायची तेच, किंवा त्याचं भावंड. आमचे मुख्य माळी त्याला शत्रू मानतात. मसाल्यात घालतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

पद्धत: आधी भरपूर पाणी, मग मऊ ब्रश, आणि नेहमी खालून वर, नाहीतर घाणेरड्या पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. ब्लीच नाही, तारेचा ब्रश नाही. मी एक पापुद्रा भिजायच्या आत नखाने ओढला आणि त्याच्याबरोबर दगडाचा नखाएवढा तुकडा आला. चूक माझी. लिहून ठेवते.

बोट फिरवलं की बोटाला साखरेसारखे कण लागतात. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच, आणि कोळशाच्या धुराने आंबट झालेलं पावसाचं पाणी त्याला दीडशे वर्षं चाटत होतं. आधीच्या पिढीच्या काळ्या पाटीच्या दगडावरची अक्षरं कुठेकुठे अजून धारदार आहेत. नंतरच्या पिढीच्या ग्रॅनाइटला काही होत नाही. मधल्या पिढीला मात्र पांढऱ्याशुभ्र संगमरवराची हौस, आणि तीच सगळ्यांत आधी पुसली गेली.

डाव्या कडेचा सांधा कुणीतरी कधीतरी सिमेंटने भरलाय. सिमेंट दगडापेक्षा कडक, ते हलत नाही, मग दगडच फुटतो. शेजारी उभी चीर आहे. तिथे चुनाच हवा होता. वाईच्या आजोळच्या वाड्यात हीच गोष्ट बाबा गवंड्याला सांगून सांगून थकले होते.

४ मे

आज गवत कापणाऱ्यांबरोबर काम केलं. यंत्र ज्या ज्या ठिकाणी वळत नाही, तिथे हाताने. चार तासांत अर्धा पट्टा. आमच्या भागात तीन लॉटना अजून लोखंडी कुंपण आहे. त्या तीन लॉटना जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाकीचे वीस झाले असते.

याच वैतागातून अ‍ॅडॉल्फ स्ट्राउखची गोष्ट समजते. जन्म १८२२, प्रशियाच्या सायलेशियात. बागकाम शिकला व्हिएन्नाला, शोनब्रुनच्या राजबागेत. १८५० च्या सुमारास लंडनला होता, मग अमेरिकेत आला. सिनसिनाटीला त्याची पुढची बोट चुकली आणि तो तिथलाच झाला. १८५५ च्या आसपास स्प्रिंग ग्रोव्ह या दफनभूमीच्या बागेचं काम त्याच्या हाती आलं, १८५९ ला तो अधीक्षक झाला, १८८३ ला मरेपर्यंत होता.

त्याला समोर काय दिसलं असेल? प्रत्येक कुटुंबाने आपला लॉट विकत घेतला म्हणजे आपलं राज्य. भोवती ओतीव लोखंडाचं कुंपण, त्याला फाटक, फाटकाला कुलूप. आत स्तंभ, कलश, देवदूत, शेजाऱ्याच्या स्तंभापेक्षा हातभर उंच. कुंपण गंजलं की रंगवायचं कुणी? कुलपाची किल्ली हरवली की गवत कापायला आत शिरायचं कसं? बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे बांधाच्या दोन्ही बाजूंचे भांडखोर जमिनीखाली होते.

स्ट्राउखने सांगितलं, कुंपणं काढा. लॉटमध्ये मुख्य स्मारक एकच, बाकीच्या शिळा बुटक्या. उंचवटे सपाट. पाणथळ जमिनीची तळी केली, झाडं विरळ केली, मोकळ्या हिरवळीचे लांब पट्टे सोडले. लॉटमालक खवळले. पैसे आम्ही मोजले आणि हा परदेशी माळी आम्हाला कुंपण काढायला सांगतो! तरी विश्वस्त त्याच्या पाठीशी राहिले. पुढे देशभर हीच पद्धत गेली, आणि १८८७ साली दफनभूमी-अधीक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही सिनसिनाटीलाच.

सगळे लिहितात की स्ट्राउखला सौंदर्याची दृष्टी होती. होतीच. पण लांब दांड्याच्या विळ्याने चार दिवस कुंपणाच्या गजांमधलं गवत कापून बघा, दृष्टी आपोआप येते. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग या इंग्रजाने १८३० साली काढलं होतं. ते ढकलायला मोकळी जमीन लागते. हिरवळीचा सगळा थाट त्या यंत्राच्या चाकांच्या सोयीचा आहे.

१८ मे

सशाने पॅन्सी खाल्ली. १८ पैकी ११.

८ जून

उरलेल्या जागेत गोड अ‍ॅलिसम, डायँथस, मधे एक हेलिओट्रोप. मेपलची सावली दुपारी दोननंतर वाफ्यावर येते. झाडं फार दाट लावल्याची तक्रार एकोणिसाव्या शतकातही होतीच. जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाने १८४३ साली दफनभूमीची आखणी, लागवड आणि व्यवस्थापन यांवरच पुस्तक लिहिलं. तो रोमँटिक नाही, आणि म्हणून मला आवडतो. त्याला हवा खेळती हवी, पाण्याचा निचरा हवा, रांगा सरळ हव्यात, आणि झाडं सडपातळ, सदाहरित. त्याच वर्षाच्या शेवटी तो गेला.

१३ जुलै

आई आली, सहा महिन्यांसाठी. आधी येणार नाही म्हणाली, मग गाडीत बसून राहीन म्हणाली, मग पाच मिनिटांत खुरपं मागितलं. "हेलिओट्रोपला पाणी जास्त होतंय. आणि झेंडू का नाही गं?" झेंडू नियमात बसतो, शेकडो वर्षं युरोप-अमेरिकेच्या बागांत आहे. पुढच्या खेपेला सहा रोपं लावली. ससा झेंडूला तोंड लावत नाही हेही कळलं.

आईला सगळ्यांत नवल वाटलं ते लोकांचं. एक बाई पळत होती, दोघं बाकावर सँडविच खात होते. मी सांगितलं, हे आजचं नाही. फिलाडेल्फियाच्या लॉरेल हिल या दफनभूमीत १८४८ साली एप्रिल ते डिसेंबर जवळपास ३०,००० माणसं नुसती फिरायला आली होती. शहरात सार्वजनिक बागा म्हणाव्या तशा नव्हत्याच, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं काम सुरू व्हायला अजून दहा वर्षं होती. मग माणसं कबरींमध्ये हवा खायला यायची, आणि व्यवस्थापनाला मढ्यांपेक्षा जिवंतांचा ताप जास्त. माउंट ऑबर्नचे नियम वाचून दाखवले: गाडी चालीनेच हाकायची, घोडा ठरलेल्या खांबालाच बांधायचा, खाण्याची टोपली आत आणायची नाही, रानटीसुद्धा फूल तोडायचं नाही, स्मारकावर काही लिहायचं नाही, बंदूक उडवायची नाही. रविवारी गाडीने आत शिरायला लॉटधारकाचं तिकीट. आई म्हणाली, "बंदूक उडवायची नाही असं लिहावं लागलं, म्हणजे कुणीतरी उडवलीच असणार."

घरी आल्यावर दोघींनी अंघोळ केली. मी काही बोलले नाही.

१० ऑगस्ट

दोन आठवडे पाऊस नाही. रोज संध्याकाळी चार झाऱ्या. अ‍ॅलिसम गेलं, झेंडू उभा.

आज कार्यालयात जाऊन माझ्या लॉटचं कार्ड बघायला मिळालं. नाव इथे लिहीत नाही. लॉट घेतल्याची तारीख, दफनांची यादी, आणि खाली एक रकाना: कायम देखभाल. त्यापुढे 'नाही'.

मार्चमधल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर या रकान्यात आहे. लॉट एकदाच विकला जातो, गवत दरवर्षी वाढतं. पहिली काही दशकं व्यवस्थापनाने नव्या विक्रीच्या पैशातून जुन्या लॉटची निगा राखली, आणि आपापल्या लॉटची फुलं, शिळा, कुंपण हे ज्याच्या त्याच्या कुटुंबावर सोडलं. पहिली पिढी यायची. दुसरी कधीमधी. तिसरी ओहायोला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेली. मग शतकाच्या उत्तरार्धात कायम देखभालीची ठेव रूढ झाली: एकरकमी पैसे द्या, आम्ही ते गुंतवू, मुद्दलाला हात न लावता व्याजातून तुमचं गवत कापू. गावाकडच्या देवळातल्या नंदादीपासाठी लावून दिलेल्या जमिनीसारखंच. या दफनभूम्यांचे नकाशे, कमानी, तळी यांवर खूप लिहिलं गेलंय. मला विचाराल तर त्या शतकाचा खरा शोध हा रकाना होता.

ठेव नसली किंवा अपुरी पडली की काय होतं, याला लांब जायला नको. फिलाडेल्फियातली माउंट मोराया ही दफनभूमी १८५५ ची. संस्थेचा शेवटचा ज्ञात सदस्य २००४ साली वारला, २०११ ला फाटक बंद झालं, आणि एवढ्या मोठ्या जागेला कायद्याने कुणी वालीच उरला नाही. मोनुमेंट सेमेटरीचं, १८३७ ची, त्याहून वाईट झालं. १९५६ साली ती उठवली, वाहनतळासाठी. मृतांचे अवशेष दुसरीकडे हलवले, पण बहुतेक शिळा डेलावेअर नदीच्या काठाला भराव म्हणून गेल्या. ओहोटीला बेट्सी रॉस पुलाखाली त्यांतल्या काही अजून दिसतात.

माझ्या 'मदर'चा रकाना 'नाही' असूनही तिच्याभोवतीचं गवत कापलं जातंय. तो पैसा बहुधा शेजारच्या कुणाच्या व्याजातला.

७ सप्टेंबर

डाव्या कडेचं सिमेंट काढून चुना भरला. काढायला दोन दिवस, भरायला वीस मिनिटं. ओलं फडकं घालून ठेवलं. आईचं लक्ष आहे त्यावर.

१२ ऑक्टोबर

पकिप्सी. गाडीने तीन तासांहून थोडं जास्त, दोघी निघालो पहाटे. हडसन नदीच्या काठावरची पकिप्सी रूरल सेमेटरी, १८५० च्या दशकातली. 'रूरल' म्हणजे खेड्यातली नव्हे. या प्रकारच्या बागांचं तेव्हाचं नावच ते. गावातल्या मॅथ्यू व्हॅसर या धनिकाने १८५० साली दफनभूमीसाठी म्हणून एक जागा घेऊन ठेवली होती, पण तिला पाठिंबा मिळाला नाही, दुसरी जागा ठरली. मग त्याने आपल्या जागेवर बंगल्याची बाग केली. स्वतः मात्र शेवटी इथेच आला.

आम्ही आलो होतो डॉक्टर आनंदीबाई जोशींसाठी. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू, बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी. अस्थी इथे आल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून ज्यांनी कल्याणच्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं, आणि ज्यांना ती मुलगी मावशी म्हणू लागली, त्या कार्पेंटरबाई. त्यांनी त्या अस्थी आपल्या घरच्या लॉटमध्ये ठेवल्या.

शाळेत हे वाचलं होतं ते एक हृद्य प्रसंग म्हणून. आता सात महिने लॉट, कार्ड, रकाने बघितल्यावर त्यातला व्यवहारही दिसतो. आपल्या लॉटमध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवायचा अधिकार लॉटधारक कुटुंबाचा. पण तोही सरसकट चाले असं नाही. माउंट मोरायात १८७० च्या दशकात हेन्री जोन्स या कृष्णवर्णीय केटररने रीतसर लॉट घेतला होता, तरी संस्थेने त्याच्या दफनाला नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल जोन्सच्या बाजूने लागला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी एका हिंदू बाईच्या अस्थी कार्पेंटरांच्या लॉटमध्ये आल्या, आणि तिच्या नावाची शिळा उभी राहिली. शिक्षणासाठी देशाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ तिच्यावर आहे. शिळा वाचता येते. आईने ती मोठ्याने वाचली, इंग्रजी अक्षर अक्षर लावत.

भोवतीचं गवत नुकतंच कापलेलं होतं. मी सवयीने शिळेच्या पायथ्याशी बोट घालून बघितलं, खचलंय का. नाही. आईने पिशवीतून आमच्या वाफ्यावरचे दोन झेंडू काढले. नियमांच्या पाटीकडे मी बघितलंच नाही.

९ नोव्हेंबर

झेंडू काळा पडला, उपटला. व्हिन्का राहू दिली. स्नोड्रॉपचे ४० कंद, चार बोटं खोल, मधल्या पट्ट्यात. वर पाला. चुन्याचा सांधा नीट आहे. मधोमध माती पुन्हा बोटभर बसलीय, मार्चमध्ये दोन घमेली लागतील.

१० नोव्हेंबर

खारीने सात कंद उकरले. परत पुरून वरून कोंबड्यांची जाळी अंथरली, चारी कोपऱ्यांना दगड.